कडब्यातली फटफटी

सोपानराव व्यवहारे यांनी आपल्या फटफटीतले पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकले, तेव्हा फटफटी इंदापुरात होती आणि रेल्वे बारामतीत. मधले अंतर तीस मैल होते. ही गोष्ट त्यांच्या पत्नीच्या, द्वारकाबाईंच्या, लक्षात आली. ओट्यावर जमलेल्या शेजाऱ्यांच्याही लक्षात आली. सोपानरावांच्या लक्षात आली नव्हती असे नाही, त्यांना ती महत्त्वाची वाटली नव्हती. त्यांच्या हातात रेल्वेचे छापील पत्रक होते आणि त्यातले पहिले कलम असे होते : ‘मोटारसायकल नोंदणीसाठी आणण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करावी.’

"अवं, पर टेसनाच्या दारात जाऊन रिकामी केली असती तर?" द्वारकाबाईंनी विचारले.

"आणि बाबूनं विचारलं, इथवर कशी आणली, तर काय सांगू? टाकीत पेट्रोल घालून आणली?"

"मग काय सांगनार हाय आता?"

"बैलगाडीतून आणली, असं सांगेन. ते नियमात बसतं."

द्वारकाबाई डबे बांधायला आत गेल्या. लग्नाला सोळा वर्षे झाली होती. काढलेले पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून सोपानरावांनी ते गल्लीत वाटून टाकले, आणि त्या दिवशी इंदापुरातल्या सहा कोटांवरचे, दोन शालूंवरचे आणि एका फेट्यावरचे डाग निघाले. फेट्याचा रंगही निघाला, पण त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. बदली होऊन जाणाऱ्या माणसाशी कोण भांडतो?

सोपानराव देवी टोचण्याच्या खात्यात होते. गावात त्यांना देवीडॉक्टर म्हणत. चौदा वर्षे खेडोपाडी लेकरांचे दंड धरल्यावर सरकारने त्यांना धुळ्याला इन्स्पेक्टर म्हणून बढती दिली होती. हुकुमात एकच अट होती. सोमवार, सोळा मार्च एकोणीसशे त्रेपन्न रोजी उमेदवाराने स्वतःच्या वाहनासह हजर व्हावे आणि वाहन रेल्वेने आणल्याची पावती सादर करावी. न केल्यास यादीतल्या पुढच्या नावाचा विचार होईल. यादीतले पुढचे नाव भिगवणच्या कुंडलिक गुरवांचे होते, आणि गुरवांनी आपल्या मेव्हण्याची मोटारसायकल गेल्याच आठवड्यात स्वतःच्या नावावर करून घेतली होती.

सोपानरावांची फटफटी लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांपैकी एक होती. ती रंगाने हिरवी आणि स्वभावाने लष्करी होती. लाथ मारल्याशिवाय हुकूम ऐकत नसे. तरी पंचक्रोशीत तशी दुसरी नव्हती, आणि ती धुळ्याला पोचली नाही तर सोपानराव पोचूनही उपयोग नव्हता.

पॅकिंगचे काम चाँदभाई बागवानाकडे सोपवले होते. चाँदभाई दरसाल पुण्याला डाळिंबे पाठवत आणि त्यांचे एकही डाळिंब वाटेत खरचटल्याचे कोणी ऐकले नव्हते. त्यांनी फटफटीभोवती तीन फेऱ्या मारल्या, दिव्यावर बोटाने टकटक केली आणि कान लावून ऐकले.

"पिकलीया," ते म्हणाले. "जपून न्यावी लागंल."

"चाँदभाई, कलम चार वाचतो. ‘वेष्टनाबाहेर धातूचा कोणताही भाग दिसता कामा नये.’ गोणपाट आहे का?"

"गोनपाट समदं मालाबरूबर पुन्याला गेलं. आन् गोनपाटानं धक्का थांबत न्हाय, डाक्टर. तुमी कडबा घ्या. कडबा धक्का खातो आन् वर मऊ बसतो. म्या आंब्याची कलमं कडब्यातच पाठवतो."

"धातू दिसणार नाही ना?"

"धातू? तुमाला सोत्ताला तुमची फटफटी सापडली तर चाँद नाव लावनार न्हाय."

चाँदभाई शब्दाचे पक्के होते. दोन तासांत फटफटीच्या चाकांच्या तारांतसुद्धा कडबा ठासला गेला, वर पेंढ्यांचा थर आला, त्यावर वाखाचे दोर आवळले गेले. शेवटी जे उभे राहिले ती कडब्याची एक लहानशी, आटोपशीर गंजी होती. रस्त्याने जाणाऱ्या भामाबाईंच्या म्हशीने थांबून तिचा एक घास घेतला. चाँदभाईंनी ती प्रशस्ती समजून स्वीकारली.

द्वारकाबाई घरचे सामान घेऊन दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने बारामती स्टेशनवर येणार होत्या. गंजी महिपतीच्या बैलगाडीत चढली, सोपानराव पत्रक खिशात घालून तिच्याशेजारी बसले आणि नऊ मार्चच्या सोमवारी सकाळी गाडी निघाली. मंगळवारी चारच्या आत माल नोंदवायचा होता. पुढची मालगाडी गुरुवारी होती आणि तिने पाठवलेला माल सोळाच्या सोमवारी धुळ्याला पोचत नाही, हे सोपानरावांनी तीनदा विचारून घेतले होते.

मुक्काम अंथुर्ण्याला पडला. सकाळी सोपानराव तोंड धुऊन आले, तेव्हा फटफटीचे पुढचे चाक उघडे पडले होते आणि महिपतीचे दोन्ही बैल तृप्त चेहऱ्याने रवंथ करत होते.

"महिपती! हे काय?"

"काय म्हंजी? बैलांनी खाल्लं."

"ते पॅकिंग होतं!"

"व्हय. चांगलं व्हतं."

"अरे, पण तुला सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?"

"म्या कुठं लावला? दोर सैल केला, बैलांनी तोंड लावलं." महिपतीला या प्रकरणात आपली काही चूक दिसत नव्हती. "सायेब, गाडीत कडबा आन् बैलं उपाशी, असं आमच्या घरात कवा झालं न्हाय. लोक तोंडात शेन घालतील."

सोपानरावांनी गावातून सहा पेंढ्या मिळवल्या, स्वतः चाकाला बांधल्या, आणि पुढचा सारा रस्ता बैलांकडे पाठ न करता बसून काढला. सणसर मागे पडले. आता तालुक्याची हद्द आली की बारामती जवळच, असा त्यांचा हिशेब होता.

हद्दीवर रस्त्याला आडवा बांबू होता. बांबूशेजारी खोप होती आणि खोपीतून आबाजी नाकेदार बाहेर आला. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. तालुक्यातला चारा परवान्याशिवाय बाहेर नेण्याला बंदी होती, आणि ही बंदी सोपानरावांनी कचेरीच्या फळ्यावर स्वतः वाचली होती. पण आपण चारा नेत आहोत ही कल्पना त्यांना शिवलीच नव्हती. ते मोटारसायकल नेत होते.

"काय हाय गाडीत?" आबाजीने विचारले.

"मोटारसायकल."

आबाजीने गाडीला एक फेरी मारली. कडब्याचे एक पान तोडून वास घेतला. "मला डोळं हायती. ह्यो कडबा हाय."

"कडबा वरून आहे. आत मोटारसायकल आहे."

"समदे असंच म्हनत्यात. परवा एकानं सांगितलं, आत बाळंतीन हाय."

"मग?"

"व्हती. पर कडबा ठिवून गेली." आबाजीने खोपीतून लोखंडी गज आणला आणि गंजीत खुपसला. आतून खण्ण असा आवाज आला. त्याचा चेहरा गंभीर झाला. "लोखंड! लोखंडावर बी कंट्रोल हाय. कडब्यात लोखंड दडवून न्हेताय व्हय?"

"अहो, ते मोटारसायकलचंच लोखंड!"

"मग सोडून दावा."

"सोडता येत नाही." सोपानरावांनी पत्रक काढले. "कलम चार. धातूचा कोणताही भाग दिसता कामा नये. आता तुम्ही सरकारचे, रेल्वेही सरकारची. तुम्ही म्हणता दाखवा, ती म्हणते दाखवू नका. मी कुणाचं ऐकू?"

"जो समोर हुबा हाय त्याचं," आबाजी म्हणाला. त्याने नोकरीत काढलेल्या अकरा वर्षांचे सार या उत्तरात होते.

महिपतीने बैलांच्या पाठीवरची माशी उडवली. "सायेब, दावा की. ऊन चढाय लागलं."

सोपानराव माघार घेणाऱ्यांतले नव्हते. दोन्ही नियम पाळले जातील असा मार्ग त्यांनी शोधला. "हे बघा नाकेदार, मी सोडत नाही आणि तुम्हांला खात्रीही पटवून देतो. मोटारसायकलचा भोंगा वाजवला म्हणजे झालं ना? कडब्याला भोंगा नसतो."

आबाजीने यावर विचार केला. कडब्याला भोंगा असल्याचे त्याच्या माहितीत नव्हते. "वाजवा," तो म्हणाला.

सोपानरावांनी गंजीत खांद्यापर्यंत हात घातला, आत चाचपले, रबरी फुगा हाती लागला आणि त्यांनी तो सर्व ताकदीनिशी दाबला. लष्करी भोंगा होता. कडब्यातून एक असा आवाज निघाला की आबाजी खोपीत गेला आणि बैल बारामतीच्या दिशेने.

बांबू मोडला नाही. तो नुसता वर उचलला गेला आणि गंजीचा माथा अलगद खरवडून खाली आला. बैल पन्नास पावलांवर थांबले. महिपती त्यांना शिव्या देत मागून पोचला, सोपानराव त्याच्या मागून आणि आबाजी सर्वांच्या मागून, वही घेऊन.

कडब्यातून फटफटीची मूठ आणि अर्धा दिवा बाहेर आला होता.

"फटफटीच हाय की वो!" आबाजी प्रामाणिक आश्चर्याने म्हणाला.

"मी काय सांगत होतो? आता जाऊ का?"

"फटफटी जाऊ द्या. फटफटीवर बंदी न्हाय. कडबा खाली उतरवा."

"अहो, पण तो पॅकिंगचा आहे!"

"मगाशी कडबा हद्दीच्या अल्याड व्हता, तवा नुसता इरादा व्हता. आता पल्याड आलाय, म्हंजी गुन्हा झाला. डाक्टर मानूस म्हनून कडब्यावर भागवतो, न्हायतर बैलं बी ठिवून घ्यावी लागत्यात."

बैल ठेवून घेण्याची भाषा ऐकताच महिपती गाडीत चढला आणि त्याने सोपानरावांना न विचारता दोर कापायला सुरुवात केली. बेचाळीस पेंढ्या खोपीमागे गेल्या. आबाजीने त्यांची रीतसर पावती दिली. सोपानरावांनी ती घडी घालून खिशात ठेवली. पावती कशाचीही असो, ते टाकून देत नसत.

"आता उघडीच हाय तर चालवत का न्हेत न्हाय?" आबाजीने निरोप देताना विचारले.

"पेट्रोल नाही."

"संपलं?"

"नाही. काढून टाकलं."

आबाजीने त्यांच्याकडे पाहिले, मग महिपतीकडे पाहिले. महिपतीने मान हलवली. आबाजीने स्वतः बांबू वर धरून ठेवला.

अकरा वाजून गेले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कालव्याचे पाणी पिऊन माजलेला ऊस होता. तोडणी झालेल्या एका फडात पाचट पडले होते आणि कुशाबाई नावाची बाई ते गोळा करत होती. पाचट जनावर सहसा खात नाही. म्हणून त्यावर बंदी नव्हती. सोपानरावांनी पाचट मागितले.

"न्हे की बाबा, लागंल तेवढं," कुशाबाई म्हणाली. "छप्पर घालायचंय?"

"नाही मावशी. फटफटी गुंडाळायचीय."

"थंडी वाजती तिला?"

महिपती इतका हसला की त्याला बांधावर बसावे लागले. सोपानराव हसले नाहीत. पाचटाच्या कडा ब्लेडसारख्या असतात, आणि त्यांच्या दोन्ही हातांना त्या दिवशी ते प्रथमच कळत होते. पण तासाभरात फटफटी पुन्हा झाकली गेली, धातूचा कण दिसेनासा झाला, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी गाडी बारामतीच्या मालधक्क्याला लागली. द्वारकाबाई तिथे ट्रंका, डबे आणि वळकट्या यांच्या ढिगावर बसून होत्या.

"झोपडी कुनाची आनली?" त्यांनी विचारले.

"आपलीच आहे. आत गाडी आहे."

"आन् हाताला काय झालं?"

"पाचट लागलं." सोपानराव खिडकीकडे धावले.

मालबाबू चष्म्यातून पाहणारा, मोजके बोलणारा माणूस होता. त्याने बाहेर येऊन पाहिले. "टाकी रिकामी आहे?"

"कलम एकप्रमाणे. काल सकाळपासून."

"म्हणजे आत वाफ असणार. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. आणि तिच्याभोवती तुम्ही हे वाळलेलं पाचट बांधलंय." त्याने पलीकडे उभ्या असलेल्या छोट्या इंजिनाकडे बोट केले. इंजिनाच्या धुराड्यातून ठिणग्या उडत होत्या. "ते इंजिन या डब्याच्या पुढं चालणार. तुम्हांला धुळ्याला मोटारसायकल पाठवायचीय की होळी?"

"पण धातू तर दिसत नाही!"

"धातूबद्दल माझी तक्रार नाही. कापड किंवा गोणपाट आणा. चारला वही बंद."

तीन वीस झाले होते. मंगळवार होता आणि बारामतीच्या आठवडी बाजाराला दोन दिवस अवकाश होता. सोपानरावांनी तीन दुकानदारांना गोणपाट मागितले. एकाकडे भिजलेले होते, एकाकडे विकायचे नव्हते, आणि तिसऱ्याने कशाला हवे ते विचारून घेतले आणि मग शेजारच्याला हाक मारून तेच पुन्हा सांगायला लावले. ते धापा टाकत परत आले, तेव्हा तीन पस्तीस झाले होते.

त्यांनी पत्रक खिशात घातले आणि आयुष्यात प्रथमच ते कलम न शोधता नुसते उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे कुंडलिक गुरव मेव्हण्याच्या मोटारसायकलवरून धुळ्याच्या कचेरीत शिरत होते.

द्वारकाबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले. मग त्या ढिगावरून उतरल्या, पदर खोचला आणि वळकटीचा दोर सोडला.

"अगं, हे काय करतेस?"

"तुमी पाचट काढा. महिपती, तू बी लाग."

"अगं, या तुझ्या आईनं शिवलेल्या वाकळा! सहा वर्षं वापरायला काढल्या नव्हत्यास!"

"मग आता काढल्या. चौदा वर्सं लेकरांची रडनी ऐकून आलाय, आन् त्या गुरवाला बढती दिऊ? फिरा तिकडनं. चाक उचला!"

जुन्या लुगड्यांचे थर देऊन शिवलेल्या सहा वाकळा फटफटीभोवती फिरल्या. द्वारकाबाईंनी पिशवीतून दाभण काढून कडा टाचल्या. महिपतीने, बैलांच्या अंगावर झूल घालण्याचा अनुभव असल्यामुळे, मागची बाजू उत्तम बसवली. दिवा मात्र काही केल्या झाकेना. तेव्हा द्वारकाबाईंनी ट्रंकेतून सोपानरावांची लोकरी कानटोपी काढली, ती दिव्यावर घातली आणि हनुवटीखाली बंद बांधतात तसा मडगार्डखाली बांधला. फटफटी आता नुकतीच बाळंत झाल्यासारखी दिसत होती.

मालबाबूने सर्व बाजूंनी पाहिले. कानटोपीपाशी तो जरा थांबला.

"धातू दिसतोय?" द्वारकाबाईंनी विचारले.

"नाही, बाई."

"पेटनार हाय?"

"तशी शक्यता कमी."

"मग लिवा."

तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी पावती फाटली.

दौंड, मनमाड, चाळीसगाव असे करत व्यवहारे दांपत्य धुळ्याला पोचले. प्रत्येक स्टेशनवर त्यांनी उशाला ट्रंक घेतली आणि अंगावर काही घेतले नाही, कारण अंगावर घेण्यासारखे सर्व मालगाडीत होते. सोपानराव शिंकत होते. पण सोमवारी सकाळी आठ वाजता मालगाडी आली, वाकळा उसवल्या गेल्या, टाकीत पेट्रोल पडले, सोपानरावांनी चार लाथा मारल्या, आणि साडेदहाला फटफटी कचेरीच्या आवारात फटफटत शिरली.

वरिष्ठ अधिकारी व्हरांड्यात आले. त्यांनी हुकूम पाहिला, रेल्वेची पावती पाहिली, फटफटी पाहिली आणि तीन ठिकाणी बरोबरच्या खुणा केल्या.

"उत्तम. अट पूर्ण झाली. तुम्ही हजर झालात. अभिनंदन."

सोपानरावांनी शिंक आवरली. "साहेब, फिरती आजपासूनच सुरू करू का?"

"करा की. गाडी तिकडं शेडमध्ये लावून टाका."

"आणि फिरतीला?"

"फिरतीला घोडा. तुमची गावं सगळी डोंगरातली. तिथं बैलगाडी वर चढत नाही, मोटारसायकल काय चढणार? अट वाहन असण्याची आहे, वापरण्याची नाही. घोडा सरकारी; चारा तुमचा."

शेडमध्ये एक उंच, हाडे मोजता येतील असा घोडा बांधलेला होता. तो उत्सुकतेने पाहत होता.

"चारा इथं कुठं मिळतो, साहेब?"

"यंदा? कुठंच नाही. परजिल्ह्यातून आणायला परवाना लागतो आणि परवाना मिळत नाही." साहेबांनी आवाज खाली आणला. "तुमच्या आधीचे इन्स्पेक्टर हुशार होते. त्यांनी मोटारसायकल येताना चांगली कडब्यात गुंडाळून आणली. घोड्याला दीड महिना पुरला. पॅकिंगला कोण विचारतो? तुम्ही कशात आणलीत?"

"वाकळांत," सोपानराव म्हणाले.

"अरेरे," साहेब म्हणाले, आणि खरोखरच वाईट वाटून आत गेले.

सोपानरावांनी फटफटी शेडमध्ये लावली. घोड्याने मान लांब केली, मागच्या चाकाच्या तारांत अडकून राहिलेले कडब्याचे एक पान ओठांनी हळूच ओढून काढले, ते सावकाश चावले, आणि मग तो सोपानरावांच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.